चाच्यांचे बोलपट आणि आपण



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. छत्तीस वर्षे मुलांना इतिहास आणि मराठी शिकविण्यात घालविलेल्या मास्तराने आकाशवाणीवर येऊन समुद्रावरील लुटारूंच्या बोलपटांविषयी बोलावे, हे पेशाला शोभणारे नव्हे असेही कोणी म्हणेल. तेव्हा हा विषय मी का घेतला ते आरंभीच सांगून टाकतो. माझ्या हातून घडलेली एक चूक त्याच्या मुळाशी आहे, आणि ती कबूल केल्यावाचून पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

गोष्ट २००७ सालची. सातवीच्या वर्गात मराठ्यांच्या आरमाराचा पाठ चालला होता. कान्होजी आंग्रे यांचे नाव मी फळ्यावर लिहिले, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आंग्रे म्हणजे चाचेच ना? सिनेमात दाखवलंय." वर्गात हशा पिकला. मला राग आला. 'असले सिनेमे पाहात जाऊ नका' असे दरडावून मी त्याला खाली बसविले आणि पाठ पुढे चालू केला. त्या मुलाने त्या वर्षात मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

काही महिन्यांनी मी तो चित्रपट मुद्दाम पाहिला. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या अमेरिकन मालिकेतील तो तिसरा भाग होता. त्यात निरनिराळ्या समुद्रांवरील नऊ चाचे-सरदारांची सभा भरते, आणि हिंदी महासागराचा सरदार म्हणून त्या सभेत 'श्री संभाजी' नावाचा एक फेटेवाला, दाढीवाला पुरुष बसलेला असतो. कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे यांच्या नावावरून हे पात्र बेतलेले आहे, आणि ते योजलेले आहे ते मुख्यतः हसू आणण्यासाठी. म्हणजे माझा विद्यार्थी खोटे बोलत नव्हता. त्याने जे पाहिले तेच सांगितले आणि जो विचारावयास हवा होता तोच प्रश्न विचारला. उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते, म्हणून मी त्याला गप्प केले.

याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, त्या मुलाच्या वयाचा असताना मी स्वतः या चित्रपटांचा भक्त होतो. आमच्या नाशकात सकाळच्या खेळाला स्वस्त दरात जुने इंग्रजी बोलपट लागत. त्यातले संवाद मला चार आणेही समजत नसत. पण डोलकाठीवरून दोराला लोंबकळत शत्रूच्या जहाजावर उडी घेणारा वीर समजण्यास भाषा लागत नाही. घरी परतल्यावर फूटपट्टी हातात घेऊन मी आणि माझा धाकटा भाऊ ओटीवर झुंजत असू. मास्तर झाल्यावर हे सारे मी विसरलो. विसरलो म्हणण्यापेक्षा लपविले. तेव्हा हे बोलपट आनंदाने कसे पाहावेत आणि पाहाताना कोणती जाग ठेवावी, हे आज आपणांस सांगावे, म्हणजे त्या मुलाचे देणे काही अंशी फिटेल, असे वाटते.

प्रथम या चित्रपटांची जात ओळखून घेऊ. शिडाची जहाजे, तलवारीची झुंज, जुलमी अधिकारी, आणि कायद्याने ज्यावर अन्याय केला असा एक उमदा पुरुष, इतके साहित्य जमले की तो चित्रपट या जातीचा झाला असे समजावे. मूकपटांच्या काळात या जातीचा राजा डग्लस फेअरबँक्स. त्याचा 'द ब्लॅक पायरेट' हा १९२६ सालचा मूकपट असूनही रंगीत होता. दोन रंगांच्या आरंभीच्या टेक्निकलर पद्धतीने तो काढलेला होता. बोलपटांच्या काळात एरल फ्लिन हा नट पुढे आला. १९३५ चा 'कॅप्टन ब्लड', १९३८ चा 'रॉबिन हूड' आणि १९४० चा 'द सी हॉक' हे त्याचे तीन चित्रपट या जातीचे उत्तम नमुने मानले जातात. तिन्हींच्या दिग्दर्शनात मायकेल कर्टिझ यांचा हात होता, आणि तिन्हींचे संगीत व्हिएन्नाहून आलेल्या कॉर्नगोल्ड यांनी रचले होते. १९५२ मध्ये 'द क्रिम्सन पायरेट' निघाला. त्यातील नायक बर्ट लँकेस्टर हा नट होण्यापूर्वी सर्कशीत कसरती करीत असे. त्यामुळे त्यातील उड्या पाहाताना नट आणि कसरतपटू असा भेद करावा लागत नाही.

आता अशा चित्रपटात काय पाहावे? माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात: झुंज, जहाज आणि कथा.

झुंजीविषयी सामान्य प्रेक्षकाची अशी समजूत असते की, खरी तलवारबाजी पडद्यावर जशीच्या तशी दाखविली की ती रंगते. वस्तुस्थिती उलट आहे. खऱ्या तलवारबाजीत हालचाल जितकी लहान तितकी चांगली. मनगट चार बोटे हलते आणि वार होऊन जातो. दूरवर बसलेल्या प्रेक्षकाला त्यातले काहीच दिसणार नाही. म्हणून पडद्यावरील वार मोठे, उघडे आणि आधी लक्षात येतील असे करावे लागतात. बेल्जमच्या लष्करी शाळेत तयार झालेले फ्रेड कॅव्हेन्स हे उस्ताद अमेरिकेत हेच काम करीत असत. कोणता वार कोठे, त्यावर कोणता बचाव, कोणत्या क्षणी पायरी चढावयाची, हे नृत्याच्या पावलांप्रमाणे ठरवून नटांकडून ते घोटून घेतले जाई. आपण शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्ट्याचे हात पाहातो तेव्हा तेथेही असेच असते. पट्टा फिरविणारा समोरच्याला मारीत नसतो. आपले कसब दाखवीत असतो, आणि आपण टाळी देतो ती त्या कसबाला.

येथे एक गमतीची गोष्ट सांगतो. 'कॅप्टन ब्लड' आणि 'रॉबिन हूड' या दोन्ही चित्रपटांत नायकाच्या हातून मरणारा प्रतिस्पर्धी म्हणजे बॅसिल रॅथबोन हा नट. प्रत्यक्षात रॅथबोन हा उत्तम तलवारबाज होता आणि फ्लिनला तेवढे प्रावीण्य नव्हते. म्हणजे ज्याला खरोखर तलवार येत होती तो दर वेळी हरला, आणि त्याच्या हरण्यातील कौशल्यामुळेच जिंकणारा शूर दिसला. पुढच्या वेळी तो चित्रपट पाहाल तेव्हा जिंकणाऱ्याकडे न पाहाता हरणाऱ्याकडे पाहा. झुंजीची गोडी दुप्पट होते, हा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट जहाजांची. खोल समुद्रात खरी शिडाची जहाजे पेटवून देणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते. 'द सी हॉक' साठी स्टुडिओतच पाण्याचे मोठे टाके करून त्यात दोन भव्य जहाजे उभारण्यात आली, आणि लांबून दिसणाऱ्या दृश्यांसाठी जहाजांच्या लहान प्रतिकृती करण्यात आल्या. प्रतिकृतीचे चित्रण करताना एक अडचण येते. लहान लाट मोठ्या लाटेपेक्षा फार लवकर उठते आणि लवकर पडते; त्यामुळे टाक्यातले जहाज भांड्यातल्या खेळण्यासारखे हिंदकळते आणि लबाडी उघडी पडते. यावर उपाय असा की, चित्रण अधिक वेगाने करावयाचे आणि दाखवावयाचे नेहमीच्या वेगाने, म्हणजे लाट सावकाश उठल्यासारखी दिसते. किती वेगाने, याचाही हिशेब आहे. प्रतिकृती खऱ्या जहाजाच्या एक-षोडशांश असेल तर वेग चौपट ठेवावयाचा, कारण सोळाचे वर्गमूळ चार. गणिताचा कंटाळा करणाऱ्या मुलांना वर्गमुळाचा हा उपयोग मी जरूर सांगितला असता. पण तेव्हा मला तो ठाऊक नव्हता. एवढे करूनही एक गोष्ट जमत नाही. पाण्याचा थेंब काही केल्या लहान होत नाही. जहाजावर उडालेले तुषार सुपारीएवढे दिसले की समजावे, हे जहाज टाक्यातले आहे.

'द ब्लॅक पायरेट' मधील एक करामत तर जगभर नावाजली गेली. नायक उंच शिडाच्या माथ्यावर सुरी खुपसतो आणि तिला धरून शीड फाडीत फाडीत खाली घसरत येतो. खऱ्या शिडावर हे जमणे कठीण. त्यासाठी वेगळे शीड तिरपे बांधले होते, कॅमेराही तितकाच तिरपा ठेवला होता, आणि सुरी शिडामागे दडविलेल्या वजनाच्या दोरीला जोडलेली होती. हे कळल्याने माझा आनंद कमी झाला नाही. शीड खोटे असले तरी त्यावरून खाली आलेला मनुष्य खरा होता.

पडद्यावरची अशी युक्ती आम्हां नाशिककरांना परकी वाटण्याचे कारण नाही. ज्यांनी ती या देशात रुजविली ते दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस दाखविल्यानंतर ते नाशकास आले, आणि 'मोहिनी भस्मासुर' पासूनचे त्यांचे अनेक मूकपट येथेच तयार झाले. १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये मारुतीने उड्डाण केले, लंका पेटली, आणि अण्णा साळुंके या एकाच नटाने राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. पेटणारी लंका खरी नव्हती, हे लोकांना ठाऊक नव्हते असे थोडेच? तरी त्यांनी हात जोडले. युक्ती जाणूनही मनाने त्यात शिरता येते, हे आपल्या पणजोबांना साधले होते, मग आपल्याला का साधू नये?

तिसरी गोष्ट कथेची, आणि येथे जरा थांबून विचार करावा लागतो.

खरे चाचे कसे होते? १६९५ साली मक्केहून सुरतेस परतणारे 'गंज-इ-सवाई' हे औरंगजेबाचे मोठे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. यात्रेकरूंचे, त्यातील स्त्रियांचे जे हाल त्याच्या माणसांनी केले ते येथे वर्णन करण्याजोगे नाहीत. बादशहाने सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेत टाकले, पण एव्हरी कधीच सापडला नाही. कॅप्टन किड याला मात्र १७०१ मध्ये लंडनला फाशी झाली. पुरलेला खजिना, फुलीचा नकाशा, खांद्यावरचा पोपट, लाकडी पाय, ही जी चाच्यांची ठेवणीतली चिन्हे आपण ओळखतो त्यांपैकी बहुतेक रुजली ती स्टीव्हन्सनच्या १८८३ च्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीमुळे. चाच्याचे ते घोगरे, लांबविलेले बोलणेदेखील त्याच कादंबरीच्या १९५० मधील बोलपटात रॉबर्ट न्यूटन या नटाने लोकप्रिय केले. तेव्हा हे चित्रपट इतिहास म्हणून पाहू लागल्यास आपली फसगत ठरलेली आहे.

मग त्यात खरे काहीच नाही काय? आहे. अनेक चाच्यांच्या जहाजांवर लेखी करार असे. कप्तान मतांनी निवडला जाई, लुटीचे वाटे ठरलेले असत, आणि लढाईत हात किंवा पाय गमावणाऱ्यास भरपाई मिळे. ज्या काळी सरकारी व व्यापारी जहाजांवर खलाशाला चाबकाखाली राबावे लागे, त्या काळी हे विलक्षणच होते. कथाकारांनी नेमका हाच धागा उचलला. 'कॅप्टन ब्लड' चा नायक मुळात वैद्य आहे. १६८५ च्या बंडात जखमी झालेल्या एका बंडखोरावर त्याने उपचार केले, एवढाच त्याचा अपराध. त्यासाठी त्याला गुलाम म्हणून विकले जाते आणि मग तो चाचा होतो. कायदा आणि न्याय यांची फारकत झाली म्हणजे सज्जनाने काय करावे, हा त्या कथेतील प्रश्न. तलवारी आणि तोफा काढून घेतल्या तरी तो उरतो, आणि या चित्रपटांची गोडी टिकली आहे ती त्यामुळे.

हाच प्रश्न आपल्याकडे एका चित्रपटाने विचारला, आणि तोही एका स्त्रीच्या तोंडून. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास येऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १९३६ साली, व्ही. शांतारामांनी 'अमर ज्योती' हा हिंदी बोलपट काढला. त्याची कथा के. नारायण काळे यांची, संगीत मास्तर कृष्णरावांचे. नायिका सौदामिनी हिला तिचे लहान मूल तिच्यापाशी ठेवण्याचा हक्क राज्याचा न्याय नाकारतो. ती राज्याविरुद्ध उभी राहाते आणि समुद्रावरील चाच्यांची नायिका बनते. ज्याने तिला न्याय नाकारला तो मंत्री दुर्जय पुढे तिच्याच हाती सापडतो, आणि ती त्याला त्याचा एक पाय गमवावयास लावते. दुर्गाबाई खोटे यांनी सौदामिनी केली, चंद्रमोहन यांनी दुर्जय, आणि शांता आपटे यांनी राजकन्या नंदिनी. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखविला गेला.

आज तो पाहाताना त्यातील संवादांची जुनी धाटणी आणि नाटकी हावभाव प्रथम खटकतात. पण थोडा वेळ धीर धरावा. जहाजाच्या फळीवर उभ्या राहिलेल्या दुर्गाबाईंच्या आवाजातील धार ऐकू आली की मनातला परकेपणा जातो. फेअरबँक्स आणि फ्लिन यांच्या चित्रपटांत स्त्री बहुधा किनाऱ्यावर वाट पाहाते किंवा कैदेतून सुटण्याची प्रतीक्षा करते. येथे ती सुकाणूवर आहे. आणि तिचे भांडण खजिन्यासाठी नाही, आपल्या मुलासाठी आहे. ज्या काळात घटस्फोट, ताबा, पोटगी या शब्दांची चर्चा घरात उघडपणे होत नसे, त्या काळात हा प्रश्न समुद्रावर नेऊन विचारला गेला. तरी सूडाने तिला सुख मिळते असे चित्रपट सांगत नाही. ज्याच्यासाठी तिने हे सारे केले तो मुलगा तिच्या नकळत धनगरांत वाढलेला असतो; तो समोर येतो तेव्हा तिला त्याची ओळखही नसते. आपल्या घरातील मुलींना 'अमर ज्योती' अवश्य दाखवावा, असे मी म्हणेन.

तलवारीच्या चित्रपटांची आपली परंपरा त्याहूनही जुनी आहे. बाबूराव पेंटर यांचा 'सिंहगड' १९२३ चा. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यात कृत्रिम प्रकाश वापरला होता, आणि शेलारमामांचे काम तरुण शांतारामांनीच केले होते. कोल्हापूरचे मास्टर विठ्ठल यांना तर लोक हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. १९३१ मध्ये पहिला बोलपट 'आलम आरा' निघाला तेव्हा नायक तेच होते. १९३५ मध्ये वाडियांच्या 'हंटरवाली' ने नादियाला घोड्यावर बसविले आणि तिच्या हाती चाबूक दिला. पण या परंपरेत एक प्रसंग असा आहे की तो प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. प्रभातने शिवरायांच्या आरंभीच्या पराक्रमावर एक मूकपट काढला आणि त्याचे नाव ठेवले 'स्वराज्याचे तोरण'. इंग्रज सरकारच्या परीक्षण मंडळाला ते नाव खपले नाही. नाव बदलून 'उदयकाल' करावे लागले, तेव्हा १९३० साली तो लोकांसमोर आला. त्यात शिवराय झाले होते शांताराम.

म्हणजे पडद्यावर कोणाला वीर म्हणावयाचे आणि कोणाला बंडखोर, हे ठरविणारे हात वेगळेच असतात. आता मी माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो. आंग्रे चाचे होते काय?

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात असा दंडक घातला होता की, कोणत्याही व्यापारी जहाजाने त्यांच्याकडून 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यावा. परवाना नसेल तर ते जहाज माल-माणसांसह जप्त होई. याला त्यांनी कायदा म्हटले. पुढे कोकण किनाऱ्यावर मराठ्यांचे सरखेल म्हणून कान्होजी आंग्रे यांनी हेच केले. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने आपले दस्तक घ्यावे, नाही तर ते धरले जाईल, असे त्यांनी सांगितले. इंग्रज कंपनीला हे मान्य नव्हते, म्हणून तिच्या कागदांत आंग्रे 'चाचे' झाले. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला आणि ते परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि तेही फसले. संभाजी आंग्र्यांच्या काळात, १७३५ मध्ये, कंपनीचे 'डर्बी' नावाचे संपत्तीने भरलेले जहाज मराठ्यांच्या हाती लागले. या पराभवांचा राग त्या शब्दात साठलेला आहे. १९०७ मध्ये बिडल्फ या इंग्रज लेखकाने लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'द पायरेट्स ऑफ मलबार'.

मी इतिहास शिकविला आहे, म्हणून एकच बाजू सांगून थांबणार नाही. १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने कंपनीची एक नौका पकडली. तीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. पुढच्या वर्षी तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. हे घडले आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तसेच हेही घडले आहे की, १७५६ मध्ये विजयदुर्गच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांचे सैन्य होते. आपल्याच घरातील भांडणापायी आपण आपला समुद्र घालविला, हे कोणत्याही परदेशी चित्रपटाने केलेल्या थट्टेपेक्षा अधिक बोचणारे आहे.

आता याच्याशेजारी 'द सी हॉक' ठेवून पाहा. त्या चित्रपटाचा नायक इंग्लंडच्या राणी एलिझाबेथच्या मूक संमतीने स्पेनची जहाजे लुटतो. हे पात्र फ्रान्सिस ड्रेक याच्यासारख्या दर्यावर्द्यांवरून बेतलेले आहे. स्पेनच्या दृष्टीने ड्रेक चाचा होता. इंग्लंडने १५८१ मध्ये त्याला 'सर' ही पदवी दिली. १९४० मध्ये इंग्लंड युद्धात होरपळत असताना हा चित्रपट आला, आणि त्याच्या शेवटी राणीच्या मुखी स्वातंत्र्यरक्षणाचे भाषण घातले गेले. तो पाहाताना मलाही स्फुरण चढते, हे मी नाकारीत नाही. पण मग मनात येते की, राणीचा ड्रेक देशभक्त आणि छत्रपतींचा सरखेल चाचा, हे कोणत्या न्यायाने? ड्रेकला नायक करणारा चित्रपट त्यांच्यापाशी आहे, आणि आंग्र्यांना बसावयाला जागा मिळाली ती विनोदी पात्रांच्या बाकावर. योगायोग असा की, मनोहर माळगावकरांनी कान्होजींचे जे इंग्रजी चरित्र लिहिले ते पुढे 'द सी हॉक' याच नावाने पुन्हा छापले गेले. उत्तर द्यावे ते असे. शिवाय मुंबईतील नौदलाच्या तळाला आज आंग्रे यांचेच नाव आहे. स्वतंत्र देश आपल्या नौदलाच्या तळाला लुटारूचे नाव देत नसतो.

श्रोतेहो, माझे म्हणणे थोडक्यात असे. हे बोलपट पाहावेत आणि खुशाल रमून पाहावेत. झुंज चालू असताना श्वास रोखला जावा, दोर तुटताना पोटात गोळा उठावा, खलनायक समुद्रात पडला की टाळी वाजावी. लहान मूल जसे पाहाते तसे एकदा पाहावे. मग मुलांना घेऊन दुसऱ्यांदा पाहावे, आणि त्या वेळी विचारावे: हे जहाज खरे की टाक्यातले? या दोघांत तलवार खरोखर कोणाला येते? आणि ही गोष्ट कोण सांगतो आहे. यातल्या दुसऱ्या बाजूच्या माणसाने ती कशी सांगितली असती? पहिल्या दोन प्रश्नांनी मौज वाढते. तिसऱ्याने ती कमी होत नाही. उलट मूल पाठ्यपुस्तकाकडेही त्याच डोळ्यांनी पाहू लागते. आणि इतिहास शिकविण्याचा हेतू याहून वेगळा तो कोणता?

माझा तो विद्यार्थी आज तिशीच्या पुढे असेल. कोठे आहे, मला ठाऊक नाही. हे भाषण त्याच्या कानी पडले, तर त्याने समजावे की सातवीच्या वर्गात त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि मास्तरांनी त्याला खाली बसविले ते चूक होते. आणि आपणां सर्वांस एवढीच विनंती की, घरातील एखादे मूल उद्या पडद्याकडे बोट दाखवून असला प्रश्न विचारील, तेव्हा त्याला रागावू नका. त्याच्याजवळ बसा आणि तो चित्रपट त्याच्याबरोबर पुन्हा एकदा पाहा.